नवजात बाळ अतिदक्षता विभागात असताना आईवडिलांनी काय करावे?
बाळ नाशिकच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे आणि काचेबाहेर उभे राहण्यापलीकडे आपल्या हाती काहीच उरलेले नाही, असे आपण लिहिले आहे. माझी मुलगी ३२व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा याच शहरात मीही तसाच उभा होतो. तिच्या इवल्याशा पावलाला लावलेली तार आणि यंत्राचा आवाज, एवढेच माझे जग उरले होते.

तरीही काही गोष्टी केवळ आईवडीलच करू शकतात. आईने दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढलेले दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने नळीवाटे बाळाला देता येते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतड्यांच्या गंभीर आजारापासून रक्षण करण्यास त्याची मोठी मदत होते. परवानगी मिळताच बाळाला उघड्या छातीशी धरावे. ही कांगारू पद्धत वडिलांनाही करता येते, हे मला तेथील सिस्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. खर्चाची चिंता असल्यास, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत आजारी नवजातावर मोफत उपचार होतात.

आणि बाळाच्या आईकडे लक्ष द्या. तीही बाळंतीण आहे; तिला बाकावर रात्र काढू देऊ नका.