जंगलात कशाला जाता, म्हशीपासून सुरुवात करू

तुमचा प्रश्न असा: "प्राण्यांत अशा कोणत्या गोष्टी असतात ज्या ऐकून खऱ्या वाटत नाहीत? आणि त्या फक्त जंगली प्राण्यांतच असतात की पाळीव जनावरांतही?" ऑक्टोपसची तीन हृदयं वगैरे इतरांनी सांगितलंच आहे. मी कोल्हापूरचा, घरी दावणीला म्हशी. त्यामुळे माझं उत्तर जरा शेणामुतातलं आहे.

उन्हाच्या मुलखात राहणाऱ्या जनावराचं अंग कसं असावं, याच्या बरोबर उलटी म्हैस असते. कातडं काळंभोर, म्हणजे ऊन शोषून घेणारं. केस विरळ, म्हणजे उन्हाला आडोसा नाही. त्यात घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी, म्हणजे तापली तरी घाम येऊन गार व्हायची सोय नाही. मग टिकली कशी? पाण्याच्या जिवावर. पाण्यात बसली की कातड्याखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता रक्ताबरोबर वर येते आणि पाणी ती ओढून घेतं. उन्हात नडणारे विरळ केस इथं उपयोगी पडतात, कारण पाणी थेट कातड्याला भिडतं. वर चिखलाचा थर बसला की ऊनही अडतं आणि माशाही. पंचगंगेच्या घाटावर म्हैस पाण्यातून उठायला तयार नसते आणि धनी काठावरून बोंबलत असतो. लोक म्हणतात, आळशी जनावर. आळस कसला, तिचं शरीर तिथं कामाला लागलेलं असतं. नवीन जन्मलेलं रेडकू कधी जवळून बघा, अंगभर दाट केस असतात. मोठं होईल तसे ते विरळ होत जातात.

उन्हाळ्यात या तापण्याची किंमत गवळ्याला मोजावी लागते. म्हैस माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते, पण ओरडत नाही, अस्वस्थ होत नाही, काही कळूच देत नाही. आमच्याकडे याला मुका माज म्हणतात. त्यातही लक्षणं दिसली तर बहुतेक रात्री किंवा पहाटे. माज चुकला की तीन आठवडे थांबा, आणि गाभण राहिली तरी पुढं दहा महिन्यांहून जास्त काळ. गाय नऊ महिन्यांत मोकळी होते.

इंटरनेटवर अशा गोष्टींना 'सुपरपॉवर' म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. एकीकडे उणं पडलं ते दुसरीकडून भागवलेलं, एवढाच हिशेब मला तरी दिसतो.

आता दूध. म्हशीच्या कासेत सडाच्या वरच्या पोकळीत दूध अगदी थोडं असतं. बाकी जवळजवळ सगळं वर बारीक ग्रंथींत अडकलेलं. रेडकाचं तोंड लागलं, कास धुतली, ओळखीचा हात फिरला की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ग्रंथी आवळल्या जातात आणि पान्हा फुटतो. परका माणूस आला, कुत्रं अंगावर आलं, की पान्हा चोरते. मग कितीही ओढा, धार लागत नाही. (याच ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं टोचून दूध उतरवणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल इथं लिहायला लागलो तर उत्तर राहून जाईल.)

आणि अशा बुजऱ्या जनावरात पंढरपुरी म्हैस निघते! सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख, शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली. ही भर रस्त्यात, हॉर्नच्या गोंगाटात, चार गिऱ्हाईकं ग्लास घेऊन उभी असताना पान्हा सोडते. कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात, ते या स्वभावामुळं जमतं. गवळ्यांनी पिढ्यान्पिढ्या दारोदारी म्हशी नेऊन धारा काढल्या, त्यात अशीच जनावरं पुढं राखली गेली असणार, असं माझं मत. दिवाळी पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, सजून धन्याच्या मोटारसायकलमागं सुसाट पळतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज आपल्याला असह्य होतो, त्यांना तो धन्याचा वाटतो.

जंगली प्राण्यांबद्दल विचारलंत, तर कोल्हापूरचाच दाखला देतो. संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार होत असे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडं बांधून त्याला बैलगाडीतून न्यायचे, कारण काळवीट बैलगाडीला बुजत नाही. चित्ता माणसाळतो लवकर. डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. नखं पूर्ण आत जात नाहीत, पळताना जमिनीत रुततात. पण सगळं वेगावर खर्च झालंय. अंग हलकं, सुळे लहान. शिकार केल्यावर बराच वेळ धापा टाकत बसतो आणि तेवढ्यात तरस, बिबट्या येऊन घास पळवतात. त्यातून कोंडून ठेवला की पिल्लं होणं महामुश्कील. म्हणून दर वेळी जंगलातूनच धरून आणायचे. पुढं भारतात मिळेनात तेव्हा कोल्हापूरलाही आफ्रिकेतून आणावे लागले. 1952 मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माणसाळणं आणि पाळीव होणं यातला फरक इतका स्पष्ट दुसऱ्या कुठल्या प्राण्यात दिसत नाही.

दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याला आमच्याकडे गवा रेडा म्हणतात, पण तो म्हशीपेक्षा गाईला जवळचा. पाठीवरचा उंचवटा वशिंडासारखा मांसाचा नसून मणक्यांच्या लांब हाडांवर उभा असतो. म्हशीइतकं डुंबणं त्याला लागत नाही, सावलीवर भागतं.

शेवटी शेरडं. शेळीची बाहुली आडवी असते, त्यामुळं समोर-मागं दोन्हीकडून येणारा धोका दिसतो. पण चरायला मान खाली घातली की ती उभी व्हायला हवी ना? होत नाही. डोळा खोबणीतच फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. बाजूला बसून पाला टाका आणि बघा, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.