मशीन आवडतं आणि माणसंही, मग करायचं काय?

ताई, तुम्ही ऐरोलीहून लिहिलंय की मुलगा मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, रबाळेच्या एका कंपनीत इंटर्नशिप करतोय आणि घरी आला की मशीनपेक्षा लाइनवरच्या लोकांबद्दलच बोलतो, कोणाला किती वाकावं लागतं, कोण दिवसभर एकच स्क्रू लावतं, आणि त्याच्या बाबांना वाटतंय हा आता एचआरकडे चालला. नाही हो, तो अगदी इंजिनियरिंगचंच बोलतोय, बाबांनाही हे वाचायला द्या.

1953 ची गोष्ट आहे, अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक लूम, म्हणजे कापड विणायचे माग, बसवलेले पण उत्पादन काही वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या सामाजिक संशोधन संस्थेचे ए. के. राइस तिथे गेले तर दिसलं की काम इतकं तुकड्यातुकड्यात वाटलंय, एकजण फक्त बॉबिन भरतो, दुसरा फक्त तुटलेले धागे बघतो, आणि हे लूम आमचे असं म्हणणारं कोणीच नाही! मग छोटे गट केले, प्रत्येक गटाकडे ठरावीक लूम, आणि गटात कोण कोण असावं हे कामगारांनीच ठरवलं. लूम तेच राहिले, पण उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं.

म्हणजे कामाची वाटणी कशी करायची, फिक्स्चर (पार्ट घट्ट धरून ठेवणारं साधन) किती उंचीवर ठेवायचं, डिफेक्ट दिसला तर ऑपरेटरने स्वतः लाइन थांबवायची का, हे सगळं प्रोसेस डिझाइनमध्येच येतं, लेआउट फायनल झाल्यावर विचारलं तर फार उशीर होतो.

पण त्याला एक स्पष्ट सांगा, टॉलरन्स (मापात किती फरक चालतो), सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ), क्वालिटीचं स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर शॉपफ्लोअरवर त्याचं कोणी ऐकणार नाही, आणि ज्या लोकांची त्याला काळजी वाटते त्यांच्यासाठीही तो काही बदलू शकणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे इंडस्ट्रियल इंजिनियरिंग किंवा अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोयीचं करण्याचं शास्त्र, बघा. पवईला आयआयएम मुंबई आहे, आधीचं नीटी, तिथे कॅट ही प्रवेश परीक्षा लागते. डिझाइनकडे ओढा असेल तर आयआयटी बॉम्बेचं आयडीसी हे डिझाइन स्कूल, त्याला सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा आहे, तो मात्र थोडी नोकरी झाल्यावर.

आत्ता घाई नको. इंटर्नशिप संपायच्या आत त्याने एकच स्टेशन धरावं, तिथल्या ऑपरेटरला विचारून, सुपरवायझरची परवानगी घेऊन एक छोटा बदल करावा आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवावेत, वेळ किती, रिजेक्शन किती, पाठ दुखते का. इंटरव्ह्यूला तीच वही घेऊन जायचं.