गिटारच्या बाजूच्या पट्ट्या लाकडाचे पातळ थर साच्यावर रचून व्हॅक्यूम बॅगमध्ये (पंपाने हवा ओढून थर दाबणारी प्लास्टिकची पिशवी) चिकटवल्या, पण कमरेपाशी थर सुटले. काय चुकलं?

बहुतेक गोंदच चुकला. पांढरा फेव्हिकॉल पाण्यावर असतो. बंद बॅगेत ते पाणी जाणार कुठे? शिवाय वाकवलेल्या लाकडाच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. संथ सेट होणारं इपॉक्सी (दोन भाग कालवून वापरायचा गोंद) घ्या. फक्त नागपुरात मे महिन्यात दुपारी ते कालवू नका. ४५ अंशांत वाटीतच गरम होऊन दगड होतं, माझं झालंय. पहाटे पाचला करा आणि कालवलेलं लगेच पट्टीवर पसरवा. कूलरसमोर लाकूड ठेवू नका, ओल धरतं.

दुसरी शंका कमरेच्या खोलगट वळणाची. व्हॅक्यूमचा दाब जास्तीत जास्त चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास. पण प्लास्टिक तिथे ताणून पुलासारखं राहिलं, तर तो दाब लाकडापर्यंत पोचतच नाही. म्हणून पंप सुरू करताना बॅग सैल ठेवा आणि बोटांनी प्लास्टिक खोलगट्यात दाबत जा. जाड थर हट्टी असतात. दीड मिलिमीटरचे दोन लावण्यापेक्षा ०.८ चे तीन बरे. साच्याच्या कडा गोल घासा, नाहीतर बॅग फाटते. पंप म्हणून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालतो, आवाज सोसायची तयारी हवी. रात्रभर साच्यातच राहू द्या.