सहकाऱ्यांसोबतचे कृतिसंशोधन: गप्पा की संशोधन?

प्रश्न: मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. आम्ही तिघे सहकारी दर पंधरवड्याला एकत्र बसून आपापल्या तासांविषयी बोलतो. याला संशोधन म्हणता येईल का?

उत्तर: नुसत्या बोलण्याला म्हणता येणार नाही, परंतु आपण संशोधनापासून फार दूरही नाही. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची (आपल्याच कामात बदल करून त्याचे परिणाम तपासणाऱ्या संशोधनाची) जी मांडणी केली, तिच्यात नियोजन, कृती आणि त्या कृतीच्या परिणामांचा शोध यांचे आवर्तन पुन्हा पुन्हा घडते व प्रत्येक फेरीतून पुढच्या फेरीचे नियोजन बदलते. आपल्या बैठकांत उणीव असेल ती बहुधा पुराव्याची. ‘मुलांना संभाव्यता कळत नाही’ ही झाली तक्रार. ‘सशर्त संभाव्यतेची (एक घटना घडली असता दुसरी घडण्याच्या शक्यतेची) उदाहरणे सोडवताना विद्यार्थी नेमके कोणत्या पायरीवर अडतात?’ हा झाला प्रश्न, आणि त्याचे उत्तर उत्तरपत्रिकांतील चुका, तासाअखेरीस विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलेल्या दोन ओळी व सहकाऱ्याने वर्गात मागे बसून केलेल्या नोंदी यांतून शोधता येते. सहकाऱ्याचे खरे मोल येथेच आहे. स्वतःच्या ज्या सवयी आपल्याला दिसतच नाहीत (प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणे, ही त्यांतली माझी!), त्या त्याला दिसतात. मात्र या नोंदी पदोन्नतीच्या मूल्यमापनासाठी वापरायच्या नाहीत, हे आधीच ठरवावे. अन्यथा प्रत्येक जण आपला उत्तम तासच दाखवील. विद्यार्थ्यांची संमती अर्थातच घ्यावी. एका फेरीत शक्यतो एकच बदल करून पाहावा, कारण अनेक बदल एकदम केल्यास कशामुळे काय घडले हे कळणार नाही.