स्वतः कंपाइल केलेला कर्नल टाकला, तरी मशीन जुन्याच कर्नलवर का सुरू होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उबुंटू २४.०४ वर ६.६ मालिकेतला कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल केलात, ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ दोन्ही बिनतक्रार झालं, पण रीस्टार्ट केल्यावर ‘युनेम -आर’ (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) ६.८ च दाखवतं. मशीन नांदेडच्या एका कॉलेजातल्या लॅबचं आहे आणि नवा कर्नल चाललाच नाही तर काय, ही धास्ती वेगळी. (कमांडी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र रोमनमध्ये करायच्या.)

तुमच्या हातून चूक झालेली नाही. ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम, मेन्यू तयार करताना /बूट मधले कर्नल आवृत्तीच्या आकड्यानुसार लावतो आणि सगळ्यांत मोठा आकडा वर ठेवतो. कोणता कर्नल तुम्ही आज टाकला, हे तो बघत नाही. ६.८ हा ६.६ पेक्षा मोठा, म्हणून तोच पहिला. तुमचा कर्नल ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या आत बसलाय. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून मेन्यू उघडा, तिथं तो दिसेल.

आता तुम्ही विचाराल, मग त्याला पहिला कसा करू? माझं म्हणणं, आत्ता करूच नका. आपल्याकडं मशीन सुरू करणारा माणूस दरवेळी समोर नसतो. लाइट जाते, इन्व्हर्टर संपतो, पहाटे कधीतरी लाइट येते आणि बायोसमध्ये तशी सेटिंग असेल तर मशीन आपलं आपण सुरू होतं. त्या वेळी ग्रब जो कर्नल निवडेल तो शंभर टक्के खात्रीचा पाहिजे.

हे मी शिकलो ते परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात. तिथल्या पुस्तकांच्या नोंदी एका जुन्या मशीनवर होत्या आणि ते मशीन मी सांभाळत होतो. नवा कर्नल टाकताना /बूट पार्टिशन भरलं आणि इनिटआरडी (सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर ज्यात असतात ती फाइल) तयारच झाली नाही. जागा व्हावी म्हणून मी जुना कर्नल काढला. चालू असलेला कर्नल काढताय, थांबायचं का, असं सिस्टिमनं विचारलंही, तरी मी पुढं गेलो. इनिटआरडी पुन्हा बनवायची मात्र राहिली. मशीन बंदच झालं नाही, म्हणून तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी लाइट गेली आणि आली. ग्रंथपालांचा फोन: “सर, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आलेत, पुढं काहीच होईना.” दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पेनड्राइव्ह घेऊन गेलो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं तिथं पुस्तकं बदलायला येऊन रिकामी परत जात होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ करायचं. डावीकडचं नाव कॅपिटलमध्ये, ‘सेव्ह्ड’ स्मॉलमध्ये. ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’ ही ओळ मात्र घालू नका. ती असली की मेन्यूतून एकदा निवडलेला कर्नलच कायमचा होऊन बसतो आणि आपल्याला नेमकं ते टाळायचंय. त्याच फाइलमध्ये ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणात ‘पॅनिक=१०’ वाढवा (पॅनिक म्हणजे कर्नल गंभीर चुकीवर अडून थांबणं). मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी हातानं बदलायची नाही, पुढच्या अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते.

यानंतर ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’नं चालता ६.८ कायमचा ठरवा आणि ‘ग्रब-रीबूट’नं ६.६ फक्त पुढच्या एका वेळेसाठी. नाव देताना आधी सबमेन्यूचं, मग मोठं-चिन्ह (>), मग कर्नलचं, असं अवतरणात द्या. ती नावं ग्रब.सीएफजी मध्ये ‘मेन्यूएंट्री’ शोधली की मिळतात. ‘१>२’ असे आकडेही चालतात, पण नवा कर्नल आला की क्रम सरकतो आणि आकडा भलत्याच नोंदीवर पडतो, म्हणून मी नावच देतो.

आता रीस्टार्ट करा. नवा कर्नल चालला तर उत्तम. पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन स्वतः रीस्टार्ट होईल, आणि एका वेळेची मुभा संपलेली असल्यानं ६.८ वर येईल. मध्येच नुसतं गोठलं तर मात्र कुणीतरी बटण दाबायला लागेल, पण बटण दाबलं की जुनाच येतो, म्हणजे शिपाईमामांना फोनवर सांगता येतं. एक अट आहे: /बूट साध्या एक्स्ट४ फाइलसिस्टिमवर पाहिजे. एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर ग्रबला ‘फक्त एकदाच’ची खूण पुसता येत नाही आणि मशीन पुनःपुन्हा नव्याकडंच जाऊ शकतं.

रीस्टार्टच्या आधी /बूट मध्ये ‘व्हीएमलिनझ’ (कर्नलची फाइल) आणि ‘इनिटआरडी.आयएमजी’ दोन्ही एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. स्वतः कंपाइल केलेल्या मॉड्यूल्समध्ये (कर्नलचे सुटे भाग, ड्रायव्हर वगैरे) डीबगची माहिती राहते, म्हणून इनिटआरडी अवाढव्य होते आणि /बूट भरतं. ‘मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ असं केलं (इथंही ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप’ कॅपिटलमध्ये) आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ पुढं आवृत्ती देऊन ती परत बनवली की आकार खूप उतरतो. त्याच्याही आधी, कंपाइल करतानाच ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं तर फक्त सध्या लोड असलेली मॉड्यूल्स घेतली जातात. वैशाखात लॅबचं मशीन तासन्‌तास तापवण्यापेक्षा हे बरं. लॅबमधला प्रिंटर, पेनड्राइव्ह वगैरे तेवढं आधी जोडून ठेवा, नाहीतर त्यांचे ड्रायव्हर सुटतील.

सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल ग्रब उचलणारच नाही, ‘बॅड शिम सिग्नेचर’ म्हणेल. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’नं आधी तपासा. लॅबच्या मशीनवर ते परवानगी घेऊन बंद करणं सोपं, स्वतःची किल्ली नोंदवून सही करणं जास्त चांगलं.

नवा कर्नल आठवडाभर नीट चालला, एकदा पूर्ण बंद करून चालू करून पाहिला, की मग ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ त्याच्या नावानं करा. ६.८ तरीही काढू नका. आणि पॅनिक आलाच तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. त्यात ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ दिसलं तर आधी इनिटआरडीच तपासा, माझ्याकडं वाचनालयात तेच आलं होतं.