वाचक विचारतात: थाळ्या वाजवून झाल्या, आता चित्रं कशाला?

प्रश्न: मी आर्टचा डिप्लोमा केलाय, सध्या कोल्हापुरात फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची डिझाईनं करतो. माझी मामेबहीण सिव्हिलला स्टाफ नर्स आहे, कोविडमध्ये आयसीयू ड्युटी केली तिनं. इंग्लंडात चित्रकारांनी नर्सेसची फुकट पोर्ट्रेट करून दिली असं वाचलं तेव्हापासून डोक्यात आहे की तिचं आणि तिच्या वॉर्डातल्या लोकांचं करावं. पण ताई म्हणते, थाळ्या वाजवून झाल्या, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकून झाली, आता चित्रं काढा, पगाराचं तेवढं बोलू नका. तिचं खरं आहे का? आणि करायचं तर कसं, माझ्याकडे तिचे फक्त पीपीई किटमधले मोबाईल फोटो आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताईचं शंभर टक्के खरं आहे. तरी चित्र काढ.

तू वाचलंस ते टॉम क्रॉफ्टचं असणार. ऑक्सफर्डचा चित्रकार, पोर्ट्रेट हाच धंदा. मार्च २०२० मध्ये तिकडे लॉकडाऊन लागला, हा घरात अडकला, आणि एप्रिलमध्ये त्यानं इन्स्टाग्रामवर टाकलं की एनएचएसमधला, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेतला, जो कोणी पहिला मेसेज करेल त्याचं ऑइल पोर्ट्रेट मी फुकट करून देतो. मँचेस्टरच्या एका इमर्जन्सी विभागातल्या नर्सनं मेसेज केला, तिचं झालं, अंगावरच्या किटसकट. मग बाकीच्या चित्रकारांना म्हणाला तुम्ही पण असंच टाका, जो आधी उत्तर देईल तो तुमचा. कमिटी नाही, फॉर्म नाही, उद्घाटनाला कोणी साहेब नाही. बघता बघता शेकडो चित्रकार लागले कामाला, पुढे त्याचं पुस्तकही निघालं. त्याचा मुद्दा सरळ होता, की पोर्ट्रेट म्हणजे आजवर राजेरजवाडे, पैसेवाले आणि नामवंत, मग आत्ता ज्यांची खरी करायला हवीत त्यांची का नाही.

मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू का, तिथं प्रत्येक चित्र एका माणसाचं आहे. आपल्याकडे त्या वर्षी भिंतीभिंतीवर काय होतं आठव, ढाल-तलवार घेतलेला डॉक्टर आणि समोर शिंगं फुटलेला हिरवा कोरोना. रंगवणाऱ्यांची भावना चांगलीच होती, पण त्यात तुझी ताई कुठे होती? योद्धा म्हटलं की विषय संपतो, योद्ध्याला ओव्हरटाईम लागत नाही, त्याला मास्क कमी पडले तरी तो लढतोच. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बँक्सी या निनावी ब्रिटिश चित्रकारानं मे २०२० मध्ये साऊदॅम्प्टनच्या हॉस्पिटलला एक चित्र दिलं होतं, लहान मुलगा नर्सची बाहुली हवेत उडवतोय, तिला सुपरहिरोसारखा केप, आणि बॅटमॅन-स्पायडरमॅन बाजूला टोपलीत टाकलेले. पुढच्या मार्चमध्ये लिलावात ते दीड कोटी पौंडांच्या वर गेलं, पैसे आरोग्यसेवेच्या मदतीला गेले, छानच झालं. पण मला त्यात कायम ती टोपली दिसते. आज बॅटमॅन गेला, उद्या बाहुलीचा नंबर, खेळणंच ते.

आणि ताईच्या पगाराचं म्हणशील तर, ज्या देशात दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभं राहून टाळ्या वाजवत होते तिथल्याच नर्सेस डिसेंबर २०२२ मध्ये पगारासाठी संपावर गेल्या. आपल्या आशाताई तर साथ चालू असतानाच, जून २०२१ मध्ये, मानधनासाठी संपावर होत्या, आणि वर्षभरात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला. तेव्हा चित्र दिलं म्हणजे देणं फिटलं असं समजू नकोस, आणि ताईला तसं भासवू तर अजिबात नकोस.

आता कामाचं. किटमधल्या फोटोत दिसतात फक्त डोळे, ते पण शील्डच्या प्लास्टिकमागे, त्यात कोणीतरी फ्लॅश मारलेला असतो म्हणजे सगळा चेहरा पिठासारखा सपाट. तो फोटो किटच्या चुण्या, टेप, हूडची कड यांच्यासाठी वापर. चेहऱ्यासाठी ताईला आत्ता खिडकीजवळ बसव, उजेड एका बाजूनं येऊ दे, आणि चार-पाच नवे फोटो घे. पांढरं किट नुसतं पांढरं रंगवू नकोस, वॉर्डातल्या ट्यूबलाईटखाली ते निळसर हिरवं दिसतं, घड्यांत राखाडी. मास्क काढल्यावर नाकाच्या दांडीवर आणि गालांवर जे लाल वळ राहायचे ते करायचे का, हे तिला विचार. काहीजणींना ते हवे असतात, काहीजणींना त्या दिवसांतलं काहीच नको असतं, लिपस्टिक लावून छान साडीत बसायचं असतं. तेही पोर्ट्रेटच. मागे पेशंट, केसपेपर, बेडचा नंबर काही येऊ देऊ नकोस.

फक्त नर्स-डॉक्टरांवर थांबू नकोस हं. वॉर्डातल्या मावशी आणि मामा, ज्यांनी लादी पुसली आणि बॉडी बांधल्या, त्यांचं नाव कुठल्याच सत्काराच्या यादीत नव्हतं. आणि चित्र झालं की मूळ चित्र ज्याचं त्याला द्यायचं, तुझ्याकडे फोटो ठेव.

प्रश्न: पीपीई किटवर डॉक्टर-नर्सनी स्वतःचा हसरा फोटो चिकटवायची पद्धत होती म्हणतात, ते खरं का? की सोशल मीडियावरचं काहीतरी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: खरं आहे, आणि कोविडच्या आधीचं आहे. लॉस एंजेलिसमध्ये कॉलेजात शिकवणारी मेरी बेथ हेफरनन नावाची एक कलावंत आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा तिनं ते नखशिखांत झाकलेले डॉक्टर-नर्स बघितले आणि तिच्या मनात आलं की मरणाच्या दारात असलेल्या पेशंटला शेवटपर्यंत एकही चेहरा दिसत नसेल. मग २०१५ मध्ये ती लायबेरियात गेली, तिथल्या कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो काढले, स्टिकर छापले आणि किटवर छातीशी लावले. फायदा पेशंटलाच नाही, आपल्या शेजारी कोण काम करतंय हे सहकाऱ्यांनाही कळायला लागलं. २०२० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हीच कल्पना परत वापरली. आपल्याकडे किटवर मार्करनं नाव लिहायचे, तेही त्याच गरजेतून, पण ऑक्सिजनवर असलेल्या आजोबांनी ते चष्म्याशिवाय वाचायचं कसं.

करायचं असेल तर चकचकीत कागद घेऊ नका, वॉर्डातल्या दिव्याखाली चमकतो आणि चेहराच दिसत नाही, मॅट स्टिकर पेपर घ्या. किट काढताना स्टिकर किटसकट हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो, परत वापरायचा नसतो, त्यामुळे एका माणसाच्या भरपूर प्रती आधीच छापून ठेवायच्या.