बायबल शब्दशः वाचायचं की रूपक म्हणून?

तुमचा प्रश्न असा: शेजारचं ख्रिस्ती कुटुंब म्हणतं की बायबलमधला शब्द न् शब्द खरा, ऑफिसातला ख्रिस्ती मित्र म्हणतो की त्यातलं बरंचसं रूपक. एकच पुस्तक मानणारी माणसं इतकं वेगळं कसं वाचतात, आणि खरं कोणाचं?

मी जालन्याचा. पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, शाळेत मराठी शिकवायचो, आता निवृत्त आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बायबल अभ्यास असतो, तो बरीच वर्षं मी घेतोय. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

'शब्दशः की रूपक' ही जोडीच मुळात फसवी आहे. शाळेत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो. 'घरावरून मिरवणूक गेली' म्हटल्यावर कोणी छपराकडे बघत नाही. येशू म्हणतो 'मी दार आहे', तेव्हा तुमचे शेजारीसुद्धा बिजागरी शोधत नाहीत. बायबलमध्ये एकही चूक नाही असं ठामपणे मांडणारं प्रोटेस्टंट पुढाऱ्यांचं शिकागोचं निवेदन 1978 सालचं. त्यातही काव्य, अलंकार, लेखनप्रकार ध्यानात घेऊनच अर्थ लावा असं म्हटलंय. आणि कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये जवळपास तेच सांगितलं. तेव्हा भांडण रूपक असतं की नसतं याचं नाही. कुठलं वाक्य कशा प्रकारचं आणि ते कोणाला उद्देशून, इथे गाडी अडते.

एक दृष्टान्त घेतो, म्हणजे पद्धतींची यादी करत बसायला नको. मत्तय, अध्याय 20. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला जातो, दिवसाला एक दीनार ठरवतो. मग नऊला जातो, बाराला, तीनला, आणि पार पाचला पुन्हा जातो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकच दीनार. पहाटेचे कुरकुरतात: आम्ही दिवसभर ऊन सोसलं आणि तासाभराच्या मजुरालाही तेवढंच?

सर्वात जुनी तऱ्हा खोल अर्थ काढण्याची. तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानापासून हे चालत आलंय. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी याच दृष्टान्तावर प्रवचन केलं: पहाट म्हणजे आदामापासून नोहापर्यंतचा काळ, नऊ म्हणजे नोहापासून अब्राहामापर्यंत, असं करत पाच म्हणजे ख्रिस्त आल्यानंतरचा. शिवाय हेच प्रहर म्हणजे माणसाचं बाळपण, तारुण्य, म्हातारपण. ऐकायला गोड वाटतं, कीर्तनात तर शोभून दिसेल. पण याच्या दोनशे वर्षं आधी अंत्युखिया शहरात घडलेल्या क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकानं बजावलं होतं की दृष्टान्तातल्या शब्दाशब्दाला अर्थ चिकटवू नका, तो कशासाठी सांगितला तेवढं धरा. मी क्रिसोस्तोमच्या बाजूचा.

दुसरी तऱ्हा कृपेची. आमच्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा दृष्टान्त बहुधा देवाच्या कृपेचा म्हणून सांगतात: तारण कमावता येत नाही, देव देतो. मीही कित्येक वर्षं तसंच सांगायचो. चूक नाही त्यात. पण तसं सांगताना मजूर नुसते निमित्त उरतात.

तिसरी तऱ्हा इतिहासाची. लोकांना तिची उगाच धास्ती वाटते. ती साधे प्रश्न विचारते. मजुरी संध्याकाळीच का दिली? कारण बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात नियमच आहे, गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. दृष्टान्त इथेच का आला? कारण आदल्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतोय, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे पहाटेचा मजूर शिष्यांतच बसलाय! जेरुसलेम तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एका रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची, अशीच गोष्ट आहे. तिथे दोन तासांच्या मजुराला पूर्ण रोज मिळतो, पण कारण दिलंय: यानं दोन तासांत तुमच्या दिवसभराहून जास्त काम केलं. येशूच्या गोष्टीत असं काहीच कारण नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर धक्का कुठे आहे ते दिसतं.

याच तऱ्हेत पाठभेदही येतात. 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात या दृष्टान्ताच्या शेवटी वाक्य आहे: बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे. चौथ्या शतकातल्या सर्वात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत ते इथे नाही. 22व्या अध्यायात आहे, तिथून कोण्या नकलकारानं इकडे आणलं असावं. एका वाक्यानं केवढा फरक पडतो बघा. सगळ्यांना सारखं देणाऱ्या गोष्टीला 'थोडेच निवडले' अशी शेपटी लागते. हे ऐकून एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, देवाच्या वचनात काटछाट करता?" मी म्हटलं, पैठण इथून किती लांब आहे? एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तो श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे.

आता चौथी तऱ्हा: खालून वाचणं, म्हणजे दबलेल्या माणसाच्या जागेवरून. मुक्तीची थिऑलॉजी (म्हणजे धर्मविचार), दलित थिऑलॉजी ही नावं तुम्ही ऐकली असतील. आपल्या मराठी मुलखातले अरविंद निर्मल यांनी 1980 च्या दशकात अनुवादाचा 26वा अध्याय, 'माझा पूर्वज भटकणारा अरामी होता' ही इस्राएली लोकांची कबुली, दलित ख्रिस्ती माणसाच्या तोंडून वाचून दाखवली: माझा पूर्वज कोण होता, तो कशासाठी ओरडला, ते मी आधी सांगेन. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं एका बुधवारी.

आमच्यात एक मावशी येतात. ऐन उमेदीत नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फेडेपर्यंत सुटका नाही. नंतर कडवंचीकडच्या द्राक्षबागांत रोजानं. त्यांना वाचता येत नाही, दुसऱ्यानं वाचलेलं ऐकतात. मी सवयीनं म्हणालो, पाचला आलेले मजूर म्हणजे आळशी, उशिरा जागे झालेले. मावशींनी मला थांबवलं.

"भाऊ, पाचला अड्ड्यावर कोण उरतंय? ज्याला कोणी घेतलं नाही ते. म्हातारं, लंगडं, नाहीतर पोटुशी बाई. धडधाकट गडी तर सातलाच टेम्पोत बसून जातंय."

मी पुस्तकात पाहिलं. सातवी ओवी (आमच्याकडे वचन म्हणतात, मास्तरकीची सवय): 'आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.' हे उत्तर मी शेकडो वेळा वाचलं होतं, ऐकलं मात्र नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, अर्धा रोज दिला तर पोरं अर्धी जेवतील का? मग मालक पाच वेळा का गेला यावर बोलणं निघालं. कोणी म्हणालं, माल तयार आणि आभाळ भरून आलेलं, दुसरं काय.

काही आजचे अभ्यासक आणखी पुढे जाऊन मालकालाच खलनायक ठरवतात: गरजवंतांची कुरकुर दाबणारा जमीनदार. मला ते पटत नाही. मग शेवटल्यांना पूर्ण दीनार देण्याचं प्रयोजन राहत नाही. मजकूर ताणला तरी तुटू नये एवढी अट मी पाळतो.

आणि एक तऱ्हा सर्रास दिसते: सुटं वचन उचलणं. एकतीस डिसेंबरच्या रात्री आम्ही वचनाच्या चिठ्ठ्या काढतो. एका वर्षी माझ्या पुतण्याला यिर्मया 29:11 आलं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. पोरगं नोकरीच्या शोधात होतं, लगेच मोबाईलवर स्टेटस. मी त्याला दहावं वचन दाखवलं. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना ते पत्र आहे: सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. तो म्हणाला, "काका, तुम्ही ना, आनंद घेऊ देत नाही." स्टेटस काढलं नाही. मीही आग्रह धरला नाही. त्या घटकेला त्याला अकरावंच हवं होतं.

तेव्हा शेजारी आणि मित्र यांच्यात पंच होऊ नका. दोघांना एकत्र बसवा आणि मत्तय 20 वाचा, पण सुरुवात 19:16 पासून, श्रीमंत तरुणापासून करा. मग दोघांना विचारा की ते स्वतः किती वाजताचे मजूर.

मावशींचा एक प्रश्न मात्र माझ्याकडे अजून पडून आहे. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "त्या मळ्यात बाया असतील का भाऊ? असल्या तर त्यांना बी एकच दीनार ना?"